बिनगाठीचा दोरा

सटवाजी, चौदा वर्षं मी ही गोष्ट सांगायची टाळली. टाळायला फार कष्टही पडले नाहीत, कारण विचारणारं कोणी नव्हतं. विचारू शकणारा तू एकटा, आणि तूही एकदाच विचारलंस. त्या एका वेळी मी खोटं बोललो.

परवा तुझ्या दहाव्याला आलो होतो. आदिलाबादहून भीमपूरपर्यंत बस, पुढे तुझ्या गावापर्यंत पायी. पैनगंगेवरून लोक परत येऊन लिंबाखाली टेकले होते. तुझ्या किसननं मला लांबूनच ओळखलं. "या सायेब, तुमी येसान हे वाटूनच राह्यलं होतं," म्हणाला आणि चारचौघांना सांगायला लागला, हेच ते सायेब, यायनंच आमच्या बाबाचा डोळा वाचवला. लोक सरकून बसले. कोणीतरी मला बसायला घोंगडी अंथरली. आता सांगावं म्हणून मी तोंड उघडलं आणि प्यायला पाणी मागितलं.

म्हणून हे लिहितोय. तुला वाचता येत नव्हतं आणि आता ऐकताही येणार नाही. तरी ज्यांनी ती नोंदवही वाचली, ज्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, त्यांच्यापैकी जे उरलेत त्यांना हे कळायला हवं.

कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या त्या दोन खोल्या आता गोदाम झाल्या आहेत. कॉलेजांत आता या सगळ्याला जैवतंत्रज्ञान म्हणतात. आपण नुसतं 'कल्चरची खोली' म्हणायचो. हरभऱ्याच्या, भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू काढायचे, काचेच्या चंबूत वाढवायचे, लिग्नाइट कोळशाच्या काळ्या भुकटीत मिसळून पुड्या भरायच्या. शेतकऱ्यानं गुळाच्या पाण्यात कालवून त्या बियाण्याला चोळायच्या. शेतकऱ्यांच्या सहकारी संघानं मला तिथे मुख्य म्हणून नेमलं आणि तुला पोती उचलायला. पहिल्याच महिन्यात आपले सगळे चंबू नासले. वर हिरवी बुरशी. हैदराबादहून आलेला दवाखान्याचा पांढराशुभ्र कापूस मी चंबूच्या तोंडाला बोळा म्हणून लावत होतो. वाफेच्या मोठ्या कुकरात तो पाणी पिऊन ओला व्हायचा आणि त्या ओलीतून बुरशी आत उतरायची. मी दोन दिवस पुस्तकं चाळत बसलो. तू पोतं खाली ठेवून विचारलंस, "सायेब, हा कापूस धुतलेला हाये. आपला सरकी काढलेला काऊन नाही लावत? तो पाणी धरत नाही."

तू जिनिंगमधून ओंजळभर कापूस आणलास. न धुतलेला, अंगचं तेल असलेला. तुझा बोळा ओढला की बाटलीच्या बुचासारखा 'फट्' आवाज यायचा. त्यानंतर आपला माल क्वचितच नासला. वर्षाच्या अहवालात ती सुधारणा मी माझ्या नावावर लिहिली. तेही इथेच दुरुस्त करून ठेवतो. ती तुझी होती.

मग तू पोती सोडून आत आलास. जिवाणू उचलायची तार ज्योतीत लाल होईपर्यंत धरायची, मग गार होऊ द्यायची, घाई केली तर जिवाणू भाजून मरतात, हे मी तुला एकदाच सांगितलं. "भाकर आन् तार, दोनीले धीर पायजे," एवढं म्हणून तू कामाला लागलास. चंबूचं तोंड उघडलं की तू बोलायचा नाहीस. तोंडाला उपरणं बांधायचास, श्वाससुद्धा नाकातल्या नाकात. मी मात्र बोलायचो. तू बोळा परत बसवला की म्हणायचास, "सायेब, तुमच्या बोलण्यातले किडे पडले असतीन आत."

पिपेटवरून आपलं भांडण तर कधी मिटलंच नाही. काचेची ती नळी तोंडात धरून मी द्रावण वर ओढायचो. आमच्या वेळी कॉलेजात सगळे तसंच ओढत, आमचे सरही. तू एक दिवस सायकलीच्या भोंग्याचा रबरी फुगा काढून आणलास, नळीच्या टोकाला बसवलास आणि माझ्यापुढे ठेवलास.

"हे काय?"

"तोंड जेवाले हाये सायेब, हे ओढाले नाही."

"मापात चूक होते त्यानं."

"मापात व्हते. पोटात तर नाही व्हत."

मी तो फुगा खणात टाकला. दुसऱ्या दिवशी तो परत टेबलावर. मी परत खणात. असं तीन वर्षं चाललं. आता घरात मी एकटा असतो. पोरं हैदराबादला, बायको जाऊन सहा वर्षं झाली. दुपारी बोलायला कोणी नसलं की मी मनातल्या मनात तुझ्याशी त्या फुग्यावरून वाद घालतो. हल्ली प्रत्येक वेळी मी हरतो. हरल्यावर ते सांगायलाही कोणी नसतं, कारण ती खोली आतून माहीत असलेले आपण दोघंच होतो.

आता दोऱ्याकडे येतो.

आतल्या खोलीला खिडकी नव्हती, बाहेरची हवा येऊ नये म्हणून. भरदुपारी वीज गेली तरी आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसायचं नाही. एकदा अशीच वीज गेली. मी हातातलं काम टाकून काडेपेटी शोधत होतो, आणि तू अंधारातून स्पिरिटची बाटली माझ्या हातात दिलीस. बरोबर तीच. मी विचारलं कसं काय, तर म्हणालास, "दिवे गेले का तुमचं वाचणं बी जाते. माहं नाही जात."

तू बाटल्यांच्या गळ्यांना दोरे बांधले होतेस. तुझ्या बायकोचा, रुक्माबाईंचा, गोधडी शिवायचा जाड दोरा. रंग डोळ्यांसाठी आणि गाठी बोटांसाठी. स्पिरिटला निळा, एक गाठ. कॉस्टिक सोड्याला तांबडा, तीन गाठी, कारण ते कातडं खातं. आणि हात-डोळे धुवायच्या स्वच्छ पाण्याला पांढरा, बिनगाठीचा. "पाण्याले गाठ कायची?" तू म्हणाला होतास. मला गंमत वाटली होती, आणि सवयीनं मीही लेबल न वाचता दोरा चाचपायला लागलो होतो.

एक गोष्ट तेव्हाच चुकली होती, आणि ती माझी. हैदराबादहून दाबायच्या चार प्लास्टिकच्या बाटल्या आल्या होत्या, चारही एकाच घाटाच्या. त्यांतल्या एकीत मी डोळे धुवायचं पाणी भरलं आणि दुसरीत कॉस्टिकचं तीव्र द्रावण. जिवाणू ज्यात वाढायचे त्या रश्श्याचा आंबटपणा मोडायला ते थेंबाथेंबानं टाकावं लागायचं आणि त्या बाटलीतून थेंब नीट पडायचा. जाळणारी गोष्ट पाण्यासारख्या बाटलीत ठेवू नये, हे मला शिकवलेलं होतं. सोयीसाठी ठेवली. तुझ्या दोऱ्यानं माझी ती चूक तीन वर्षं झाकली.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात हैदराबादचे बडे साहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, येणार होते. आधीच्या खेपेला त्यांनी फळीकडे पाहून सगळ्यांसमोर मला विचारलं होतं, "ये लॅब है के दरगाह? धागे काय कू बांधे?" सगळे हसले. मीही हसलो. तू कोपऱ्यात उभा होतास, तुला वाटलं साहेब खूश झाले. या खेपेला माझं बढतीचं पत्र त्यांच्या सहीवर अडलं होतं.

आदल्या संध्याकाळी तू पाचला गेल्यावर मी कात्री घेतली आणि सगळे दोरे कापले. टंकलेखनयंत्रावर इंग्रजी लेबलं करून घेतली होती ती डकवली. मग बाटल्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावल्या. त्या क्रमात कॉस्टिक डाव्या टोकाला आलं, बेसिनजवळ. तिथे तुझं पाणी असायचं. पाणी गेलं उजव्या टोकाला. मी मागे सरकून फळीकडे पाहिलं आणि मला ती आवडली. खरं सांगतो, आवडली. दोरे मी कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकले. सकाळी तू आलास की सांगू म्हटलं.

सकाळी साहेबांची जीप तासभर आधी आली. तू आलास तेव्हा मी त्यांच्यासोबत आतल्या खोलीत होतो. तू दारातून नमस्कार केलास आणि बाहेरच्या खोलीत लिग्नाइट चाळायला बसलास. मधे दोनदा मी बाहेर आलो, एकदा चहा सांगायला, एकदा कागद घ्यायला. दोन्ही वेळा तुझ्या बाजूनं गेलो. एका वाक्याचं काम होतं. "दोरे काढलेत, बाटल्यांना हात लावू नको." साहेब गेल्यावर सांगू म्हटलं. खरं म्हणजे तुला वाईट वाटेल आणि तू साहेबांसमोर काहीतरी विचारशील, याची मला भीती होती.

यापुढचं आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

तू आत आलास, चेहरा काळा, डोळे मिटलेले. भुकटी डोळ्यांत गेली होती. ते नेहमीचंच होतं, दिवसातून एकदा तरी व्हायचं. एक हात भिंतीला लावून तू फळीपर्यंत गेलास. साहेब मला तापमानाबद्दल काहीतरी विचारत होते. मी त्यांच्या खांद्यावरून तुझा हात पाहिला. तो डाव्या टोकाच्या बाटलीवर गेला. तुझी बोटं तिच्या गळ्याभोवती फिरली, दोनदा. गाठ शोधत होती. गाठ लागली नाही. दोरा पण लागला नाही म्हणून तू क्षणभर थांबलास, हे मला दिसलं. मग डोळ्यात जाळ होता म्हणून असेल, तू ती बिनगाठीचीच समजलास.

दोन श्वासांचा वेळ होता, सटवाजी. मला कळलं होतं. पूर्ण कळलं नव्हतं असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं, पण कळलं होतं. साहेबांचं वाक्य चालू होतं आणि मी त्यांना ते संपवू दिलं.

बाटली डोळ्यांवर दाबलीस तेव्हा तू ओरडलाही नाहीस. "हे पाणी नाही," एवढंच म्हणालास, हळू, जणू समोर चंबू उघडा होता.

मग मी धावलो. तुला ओढत बाहेरच्या हौदापाशी नेलं, मांडीवर तुझं डोकं धरलं आणि मग्यानं पाणी ओतत राहिलो. तू हात झटकत होतास, मी पापण्या बोटांनी फाकवून ओतत होतो. अर्ध्या तासाच्या वर ओतलं असेल. जीपमधून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, उजवा गेला. डाव्यात पण शिंतोडे होते, पण पाणी पुष्कळ मारलं म्हणून तो राहिला. त्या वेळी रुक्माबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी फक्त शेवटचं ऐकलं.

त्या दुपारी साहेब म्हणाले, "लेबल तो था ना? तो वही लिखो." मी नोंदवही उघडली. बाटलीवर स्पष्ट लेबल होते, कामगाराने ते न वाचता बाटली वापरली, कामगाराचा हलगर्जीपणा. इंग्रजीत लिहिलं. तीन ओळी. चार दिवसांनी दवाखान्यात तुझा अंगठा त्याखाली घेतला. त्यात काय लिहिलंय हे तू विचारलं नाहीस. मी वाचून दाखवलं नाही. त्या तीन ओळींवर तुला कामावरून कमी केलं, आणि दिवाळीच्या आधी माझी बढती झाली.

अंगठ्याची शाई पुसता पुसता तू विचारलंस, "सायेब, सोड्याच्या बाटलीचा दोरा कुठी गेला होता?"

मी म्हणालो, "ओल्या हातानं सुटला असेल."

तू अंगठा पुसत राहिलास. डोळ्यांवर पट्टी, त्यामुळे तुझा चेहरा मला वाचता आला नाही. मग म्हणालास, "असंल. बांधला तर मीनंच होता."

मी शाईची डबी मिटली. परिचारिका आली, तिनं मला बाहेर जायला सांगितलं आणि मला बरं वाटलं.

त्यानंतर मी तुझ्याकडे तीनदा निघालो. एकदा आदिलाबादबाहेरच्या फाट्यावरून परतलो, हायवेवरच्या हॉटेलात चहा पिऊन. एकदा भीमपूरपर्यंत आलो आणि तुझ्या गावाचाच एक माणूस भेटला, त्याच्याकडे तुझ्यासाठी फक्त नमस्कार पाठवला. तिसऱ्यांदा घरी पोचलो. रुक्माबाई रानात होत्या. तू माझ्यासाठी चहा केलास. ओतताना आधी कपाच्या काठावर एक बोट टेकवलंस, मग किटली त्या बोटापर्यंत आणलीस. एका डोळ्याला अंतर कळत नाही, तू म्हणालास, कापूस वेचताना हात बोंडाच्या अलीकडेच मिटतो. हे तू हसत सांगितलंस. मी विचारलं, पाऊसपाणी कसं आहे. तू ज्वारीचं सांगितलंस. मी उठताना तू दारापर्यंत आलास. "पिपेट तोंडानंच ओढता का अजून?" विचारलंस. मी नाही म्हणालो. तेही खोटं होतं.

आणि मी निवृत्त झालो तो दिवस. संघाच्या हॉलमध्ये हार, शाल, भाषणं. तुला मी बोलावलं नव्हतं. तू कुठून तरी ऐकून आलास, धुतलेलं धोतर, हातात तुरीची पिशवी. कोणी बोलायला सांगितलं नसताना मागून उभा राहिलास. "मले भाषन येत नाही. पन ह्या सायेबांनी आपल्या हातानं पाणी ओतलं म्हनून आज मी तुमाले पाहून राह्यलो." एवढं बोलून खाली बसलास. टाळ्या थांबेनात. कोणीतरी माझ्या हातात हार दिला, की हा त्याला घाला. तो मी तुझ्या गळ्यात घातला. तुझा उरलेला डोळा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. तिथे, तेवढ्या गलक्यात, कानात सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणालो, "तूर कशाला आणलीस?"

लोक म्हणतात, तुझ्या मनात काही नव्हतं. मला तसं वाटत नाही. तू अंधारात बाटली ओळखणारा माणूस. डाव्या टोकाचं पाणी आपोआप उजवीकडे जात नाही, चार बाटल्यांचे चारही दोरे एका रात्रीत सुटत नाहीत, हे तुला कळलं नसेल कसं? कधी वाटतं तुला सगळं ठाऊक होतं आणि तू मला वेळ देत होतास. कधी वाटतं तुला खरंच ठाऊक नव्हतं. दोन्हींपैकी कुठलं जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाही.

परवा निघताना किसन मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. बस यायला वेळ होता. तो म्हणाला, "बाबा बैलाची दावण बांधली तरी दोनदा उठून पाहे. आमाले लहानपनापासून सांगे, गाठ पक्की मारा रे बाप्पा. माही एक गाठ ढिल्ली राह्यली, तं डोळा गेला. सायेबाचं नाव खराब झालं असतं माह्यापायी."

बस आली. मी चढलो. किसन खिडकीखाली हात जोडून उभा होता.

म्हणजे चौदा वर्षं तू रोज उठून ती गाठ तपासत होतास. हा लेख छापायला देण्याआधी मी परत तुझ्या गावी जाणार आहे आणि रुक्माबाईंना, किसनला हा पहिल्या ओळीपासून वाचून दाखवणार आहे. त्यांनी मला ओट्यावरून उठवलं तर उठेन. संघाचं दफ्तर आता जिथे आहे तिथे जाऊन त्या नोंदवहीत त्या तीन ओळींखाली माझ्या सहीनं खरं काय ते लिहू द्या म्हणून अर्ज दिला आहे. होईल की नाही माहीत नाही. पण ही सगळी माणसं म्हणजे तू नाहीस. तुझ्या ओट्यावर, तू बोट टेकवून चहा ओतत असताना, जे म्हणायचं होतं ते फार मोठं नव्हतं.

तुमची गाठ ढिली नव्हती. दोरा मी कापला होता. चुकलो, सटवाजीभाऊ. मला माफ करा.